आडवा चकवा, उभा चकवा

संपादकांचा फोन श्रावणात आला. यंदाच्या अंकाचा विषय ‘चकवा’. “भुतंखेतं, देवराया, कोकणातल्या आडवाटा हे सगळं इतरांनी आधीच घेतलंय,” ते म्हणाले, “तुम्ही जरा वेगळा चकवा शोधा.”

चकवा लागलेला माणूस रात्रभर चालतो आणि उजाडल्यावर बघतो तर आपण एकाच बांधाभोवती फिरत होतो. फोन ठेवताना मला बांध आठवला नाही, डोंबिवलीचे काका आठवले. वडिलांचे जुने दोस्त. बँकेत पस्तीस वर्षं नोकरी, आणि ती पस्तीसही वर्षं सकाळची तीच फास्ट लोकल. डब्याच्या एका टोकाला भजनी मंडळ, मधे ब्रीफकेसवर रमी, आणि खिडकीजवळ हे तिघं-चौघं. चार पदरी घडी घातलेला इंग्रजी पेपर आणि सगळ्यांत मिळून एक पेन. घाटकोपर येईपर्यंत निम्मं कोडं सुटलं नाही तर उतरल्यावर चहाचे पैसे पेन धरणाऱ्याने द्यायचे. ते सोडवायचे ते कोडं साधं नव्हे, ‘क्रिप्टिक’. वाक्य वाचावं एक आणि उत्तर निघावं भलतंच, अशा जातीचं.

शनिवारी दुपारी त्यांच्याकडे गेले. काका आता शहात्तर वर्षांचे. दार उघडून ‘ये’ म्हणायच्या आधीच म्हणाले, “चहा होईपर्यंत हे सोडव. ‘थोडंसं म्हातारपण’. दोन अक्षरं.”

“मराठीत?”

“मराठीतच. रिटायर झाल्यापासून हा उद्योग.”

मी ‘वय’ म्हटलं, ‘वळी’ म्हटलं. चहा आला तेव्हा ‘पिकं’ असं काहीतरी म्हणत होते. काका कपात बघून हसत होते. “तू वाक्याचा अर्थ लावतेयस,” ते म्हणाले. “वाक्याला अर्थ नसतोच. तो फक्त अंगावरचा कपडा.”

दोन टोकं आणि मधली शिवण

साध्या शब्दकोड्यात ‘समुद्र, तीन अक्षरी’ असं लिहिलेलं असतं. सागर लिहायचं की जलधी, हे उभा शब्द ठरवतो. म्हणजे ती शब्दसंग्रहाची तपासणी झाली. क्रिप्टिक क्लूची रचना वेगळी. त्याच्या एका टोकाला, अगदी सुरुवातीला नाहीतर अगदी शेवटी, उत्तराचा सरळ अर्थ असतोच असतो. उरलेल्या भागात तोच शब्द अक्षरं जोडून, मोडून, उलटून कसा बनतो त्याची कृती असते. दोन्ही वाटा एकाच शब्दाशी जाऊन मिळतात. अडचण इतकीच, की या दोन भागांमधली शिवण कुठे आहे ते सांगितलेलं नसतं. वरून सगळं एकच वाक्य दिसतं.

काकांनी पाठकोऱ्या कागदावर लिहिलं: ‘प्रामाणिक माणूस, त्याची मोटार; चालतो व्याजावर (४)’. कंसातला आकडा म्हणजे अक्षरसंख्या. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कर्जाने गाडी घेतलेला एखादा भला गृहस्थ येतो. तो आधी डोळ्यांसमोरून घालवायचा. चोर आणि साव या जोडीतला प्रामाणिक तो साव. मोटार म्हणजे कार. साव अधिक कार, सावकार. आणि व्याजावर कोण चालतो? सावकारच.

मी मोठ्याने हसले, कारण ‘सावकार’ या शब्दात साव बसलेला असतो हे पन्नाशी उलटेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. व्युत्पत्तीशी या फोडीला काही देणंघेणं नाही. कोड्यात शब्द दिसतो तसा फोडायचा, कुळ काढायचं नाही.

मग पाऊणएक तास माझी शिकवणी झाली. ‘गरम खवळून नदीत दात दाखवणारी (३)’. इथे ‘खवळून’ हा इशारा आहे: आधीच्या शब्दाची अक्षरं ढवळ. ग, र, म ढवळले की मगर. ‘नदी उलटली, बापडी! (२)’ सोपं आहे, नदी उलट वाचली की दीन. शब्द उलटण्याची ही युक्ती आपल्याकडे कुणाला शिकवावी लागू नये. वाल्या कोळ्याने ‘मरा मरा’ म्हणता म्हणता ‘राम’ गाठला, ती गोष्ट आपण बालपणीच ऐकलेली असते. ‘सारात गरम मसाल्याची चिमूट, अथांग खारट (३)’ यात शब्दाच्या पोटात अक्षर घालायचं आहे. गरम मसाल्यातली चिमूटभर म्हणजे पहिलं अक्षर, ग. ते ‘सार’मध्ये टाकलं की सागर. आणि ‘दाबली तर दिवा लागतो, लावली तर भांडण (२)’. इथे मोडतोड काहीच नाही, एकाच शब्दाचे दोन अर्थ शेजारी उभे केलेत. उत्तर, कळ.

“आता ‘थोडंसं म्हातारपण’ सुटेल,” काका म्हणाले. सुटलं नाही.

छळाधिकाऱ्यांची परंपरा

या खेळाचं घर इंग्लंड, पण शब्दकोडं जन्मलं अमेरिकेत. लिव्हरपूलहून तिकडे गेलेल्या आर्थर विन या पत्रकाराने २१ डिसेंबर १९१३च्या ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये चौकटीचा आकार घेऊन पहिलं कोडं छापलं. चौकट म्हणजे पत्त्यांतली. दहा-अकरा वर्षांत अमेरिकेला त्याचं वेड लागलं. सायमन आणि शुस्टर या नव्या प्रकाशकांचं १९२४चं पहिलं पुस्तक शब्दकोड्यांचंच होतं, आणि सोबत पेन्सिल जोडलेली होती. इंग्रजांनी आधी नाकं मुरडली. मग कोडं उचललं आणि त्यात वाकडेपणा घातला.

तो पुरता वाकडा केला एडवर्ड पॉविस मॅथर्स या माणसाने. १९२६पासून ‘ऑब्झर्व्हर’ या साप्ताहिकात तो ‘टोर्केमादा’ या नावाने कोडी देऊ लागला. टोर्केमादा म्हणजे स्पेनमध्ये धर्मद्रोह्यांचा छळ करणारा मुख्य अधिकारी. वाचकांना काय भोगावं लागणार हे नावातच सांगून टाकलं होतं. याच मॅथर्सने आपल्या बिल्हणाच्या ‘चौरपंचाशिके’चा इंग्रजीत मुक्त अनुवाद केला होता आणि तो १९१९मध्ये प्रसिद्ध झाला. संस्कृत शृंगारकाव्यात रमलेला कवी आणि इंग्रजी वाचकाला रविवारभर छळणारा कोडेकार एकच, हे वाचून मला आश्चर्य वाटलं नाही. एका शब्दातून दोन अर्थ काढायची हौस त्याला दोन्हीकडे उपयोगी पडली असणार.

१९३९मध्ये तो गेला आणि त्याची गादी डेरिक मॅकनट या शाळामास्तरांकडे आली. त्यांनीही टोपणनाव घेतलं ते एका छळाधिकाऱ्याचंच, ‘झिमेनेस’. मास्तरच ते, शिस्त लावल्याशिवाय कसे राहतील! १९६६मध्ये त्यांनी क्लू कसा असावा आणि कसा नसावा यावर पुस्तकच लिहिलं. काकांकडे त्याची झेरॉक्स आहे, पिवळी पडलेली, सुतळीने बांधलेली. त्यातला कायदा काकांनी मला आपल्या भाषेत सांगितला: “फसव, पण खोटं बोलू नकोस. क्लूमधला एकही शब्द फुकटचा नको. आणि उत्तर सांगितल्यावर समोरच्याने कपाळावर हात मारला पाहिजे, तुझ्यावर उगारता कामा नये.”

लंडनच्या ‘टाइम्स’ने बराच काळ सोवळं पाळलं आणि १ फेब्रुवारी १९३०ला ते सोडलं. पहिलं कोडं रचायचं काम ॲड्रियन बेल या सफोकमधल्या शेतकरी लेखकाकडे गेलं. दुसऱ्या महायुद्धातल्या गोष्टी सगळेच लेखक सांगतात, म्हणून धावतं सांगते. जानेवारी १९४२मध्ये ‘डेली टेलिग्राफ’ने बारा मिनिटांत कोडं सोडवायची स्पर्धा घेतली, आणि त्यातल्या काहींना पुढे युद्धखात्याकडून बोलावणं आलं, ब्लेचली पार्कमध्ये जर्मनांचे गुप्त संदेश उलगडायला माणसं हवी होती. काकांना या गोष्टीचा फार अभिमान. मला तितकासा नाही. गुप्त संदेश लिहिणाऱ्याला तो कुणी उलगडू नये असं वाटत असतं. कोडेकाराचं उलट, कुणीच उलगडला नाही तर तो हरला.

फ्लॉवर नावाची नदी

इंग्रजी क्लूमधला एक जुना डाव असा. ‘फ्लॉवर’ हा शब्द दिसला की आपण गुलाब-मोगरा शोधतो. पण ‘फ्लो’ म्हणजे वाहणं, आणि वाहणारी ती ‘फ्लोअर’. इंग्रजीत दोन्हींचं स्पेलिंग एकच. म्हणजे फ्लॉवर म्हणजे नदी! तसंच ‘नंबर’. बधिर करणं याला इंग्रजीत ‘नम’ म्हणतात, पण लिहिताना शेवटी न उच्चारलेला ‘ब’ असतो. बधिर करणारा तो ‘नमर’, लिहायचा मात्र ‘नंबर’. त्यामुळे क्लूमध्ये ‘नंबर’ आला की तो आकडा नसून भूल देणारं औषध असू शकतं.

हे मी देवनागरीत लिहितेय आणि चमत्कार हातातून निसटतोय, कारण देवनागरीत फ्लॉवर वेगळा, फ्लोअर वेगळा. इंग्रजीत लिहिलेलं एक आणि बोललेलं दुसरं यांच्यात जी फट आहे, तिथे कोडेकाराचा संसार उभा आहे. आपली लिपी बोलल्यासारखी लिहिते. मग मराठी कोडेकाराने जायचं कुठे?

हे मी काकांना बोलून दाखवलं. ते उठले, फडताळातून मोलस्वर्थचा कोश काढला, उघडला नाही, नुसता मांडीवर ठेवला. “‘जहाज’मधला ज म्हण.”

म्हटला.

“आता ‘जेवण’मधला.”

दोन्ही ज वेगळे. एक दातांशी, दुसरा टाळूशी. चमचा आणि चिमटा यांतल्या दोन च-सारखे. लिहायला एकच अक्षर, बोलायला दोन. शाळेत हे शिकवतात आणि नंतर आपण विसरून जातो, कारण मराठी माणसाची जीभ चुकत नाही.

“आता बघ. थोडंसं.”

आणि मला दिसलं. जरा! ‘जरा थांब’मधला ज दातांशी, म्हणजे थोडंसं. आणि संस्कृतातून आलेली जरा, टाळूजवळच्या ज-ची, म्हणजे म्हातारपण. ‘थोडंसं म्हातारपण (२)’. दोन शब्दांचा क्लू, दोन्ही शब्द कामाला लावलेले, शिवण बरोबर मधोमध. संपादक तर पहिल्याच फोनवर ‘जरा वेगळा’ म्हणाले होते.

“हा मला लोकलमध्ये सुचला नसता,” काका म्हणाले. “त्याला थोडंसं म्हातारपण लागतं.”

काकू आतून म्हणाल्या, “थोडंसं?”

कोडं कोर्टात जातं तेव्हा

मुंबईचा आणि शब्दकोड्यांचा संबंध लोकलपुरता नाही, सर्वोच्च न्यायालयापर्यंतचा आहे. स्वातंत्र्याच्या आगेमागे बक्षिसी शब्दकोड्यांची लाट होती. कुपन कापायचं, प्रवेश फी भरायची, उत्तरं धाडायची आणि आपलं नशीब फळफळेल म्हणून वाट बघायची. काकांचे वडील गिरगावात राहायचे. दर आठवड्याला त्यांचं पाकीट जायचं आणि आजीच्या शिव्या ठरलेल्या. “नाना हुशार होते, पण एकदाही लागलं नाही,” काका म्हणाले.

हुशारीने लागण्यासारखं ते नव्हतंच. मुंबई सरकारने १९४८मध्ये लॉटऱ्या आणि बक्षीस-स्पर्धा यांवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा केला. पुढे तो परराज्यात छापलेल्या पत्रांतल्या स्पर्धांनाही लागू केला. आर. एम. डी. चमारबागवाला यांची कंपनी बंगळूरच्या ‘स्पोर्टिंग स्टार’मधून शब्दकोड्यांच्या स्पर्धा चालवायची आणि मुंबई राज्यातून तिला भरपूर प्रवेशिका जायच्या. ती कोर्टात गेली. आमचा हा व्यापार आहे, तुम्ही अडवू शकत नाही, असं तिचं म्हणणं. उच्च न्यायालयात कंपनी जिंकली. सरकार वर गेलं. ९ एप्रिल १९५७ला सरन्यायाधीश एस. आर. दास यांनी निकाल दिला: हा जुगार आहे, आणि जुगाराला व्यापार म्हणून घटनेचं संरक्षण मिळत नाही.

मला त्या निकालात रस आहे तो वेगळ्या कारणाने. त्या कोड्यांत एका जागी दोन-तीन शब्द सारखेच बसायचे. कुठला बरोबर, ते आयोजकांनी आधीच ठरवून मोहोरबंद ठेवलेलं असायचं. तुमचा शब्द चुकीचा का, हे तुम्हाला कुणी पटवून देऊ शकत नव्हतं, कारण तो चुकीचा नव्हताच. तो फक्त त्यांचा नव्हता. झिमेनेस मास्तर ज्याला बेइमानी म्हणाले असते, न्यायालयाने त्याला जुगार म्हटलं. केंद्राचा १९५५चा बक्षीस-स्पर्धा कायदाही त्याच दिवशी न्यायालयाने तपासला. या कायद्याने महिन्याला एकूण १,००० रुपयांपेक्षा जास्त बक्षीस नाही आणि एका स्पर्धेला २,०००पेक्षा जास्त प्रवेशिका नाहीत, असं बंधन घातलं होतं. ते फक्त नशिबावर चालणाऱ्या स्पर्धांना लागू, खऱ्या कौशल्याच्या स्पर्धांना नाही, असा अर्थ न्यायालयाने लावला. हजार रुपयांसाठी कुपनं छापणं कुणाला परवडणार? लाट ओसरली. नानांची पाकिटंही थांबली.

शंकरपाळीचं लिंग

पुढच्या रविवारी काकांनी मला दादरला नेलं. एका उपाहारगृहाच्या माडीवर मिसळ आणि पीयूष घेऊन चौघं महिन्यातून एकदा बसतात. काका, निवृत्त संस्कृत शिक्षिका, कोल्हापूरचा एक तरुण संगणक अभियंता आणि मुलुंडच्या एक डॉक्टरीण बाई. चौघंही इंग्रजी क्रिप्टिक सोडवतात. बाई आणि तो तरुण चेन्नईच्या ‘हिंदू’तलं कोडं फोनवर सोडवतात, तिथे भारतीय कोडेकार टोपणनावांनी रचतात. पण इथे बसायचं ते फक्त मराठी क्लू रचायला.

दिवाळी जवळ होती म्हणून फराळ घेतला. मी घरून एक क्लू तयार करून नेला होता आणि त्यावर खूष होते: ‘महादेवाचा नंबर फराळातला (५)’. महादेव म्हणजे शंकर, नंबर लागणं म्हणजे पाळी येणं, शंकरपाळी.

डॉक्टरीण बाईंनी क्षणात पकडलं. “शंकरपाळी ती. ‘फराळातली’ हवं.”

मी ‘फराळातली’ करून बघितलं. पण नंबर तो असतो. ‘महादेवाचा नंबर फराळातली’, हे वाक्यच मोडतं. सगळे माझ्याकडे सहानुभूतीने बघत होते. प्रत्येकाने हा मार आधी खाल्लेला होता.

मराठी क्लूची खरी झुंज इथे आहे. इंग्रजी शब्द बिनकपड्याचे असतात. एकच शब्द नाम, क्रियापद आणि विशेषण म्हणून नांदतो, त्याला लिंग नाही, विभक्तीचा प्रत्यय नाही. जागा बदलली की अर्थ बदलला. आपला शब्द जाईल तिथे घराणं सांगतो. पानाला म्हटलं की पान स्त्रीलिंगी नाही, हे त्याने स्वतःच कबूल केलेलं असतं. क्रियापद कर्त्याची चहाडी करतं. शिवण लपवायला जावं तर एखादा ‘चा-ची-चे’ मधूनच डोकं वर काढतो.

त्यावर या मंडळींनी स्वतःचे उतारे शोधलेत. न बदलणारी विशेषणं ही मोठी संपत्ती. चांगला-चांगली-चांगलं उपयोगाचे नाहीत. गोड, लाल, गरम, सुंदर सगळ्यांशी गोडीने राहतात. शिक्षिका बाईंनी माझा क्लू दुरुस्त केला: ‘महादेवाचा नंबर, खुसखुशीत गोड खाणं (५)’. लिंगाची तक्रार नाही. मात्र वाक्य आधीच्याइतकं खेळतं राहिलं नाही, हेही सगळ्यांनी मान्य केलं.

अक्षरांचंही तसंच. इंग्रजी चौकटीत एका घरात एक लेटर. आपल्या घरात अख्खं अक्षर, काना-मात्रा-जोडाक्षरासकट. त्यामुळे ढवळायला अक्षरं थोडी मिळतात. इंग्रजीत ‘लिसन’ची सहा लेटरं ढवळून ‘सायलेंट’ होतं. मराठीत इतकी लांब उलथापालथ जुळवताना केस पांढरे होतात. आपल्याला तीन अक्षरांत भागवावं लागतं, आणि तिथे मजा आहे. ‘कमल विस्कटलं, कायद्यात बसलं (३)’ म्हणजे कलम. याच उत्तराला कोकणातून दुसरी वाट आहे: ‘आंब्याचं असतं तसं कायद्याचंही (३)’. लहान शब्दांचा फायदा सोडवणाऱ्याला आडव्या-उभ्याच्या छेदावर मिळतो. इंग्रजीत तिथे नुसतं एक लेटर हाती येतं. मराठीत ‘की’ आला म्हणजे क तर कळलाच, वर दीर्घ ईकारही कळला.

ह्रस्व-दीर्घाने घातलेला एक पेच मात्र मला कुठल्या व्याकरणाच्या पुस्तकात सापडला नसता. दोन शब्दांच्या सांध्यात तिसरा शब्द दडवायचा हा क्लूचा फार सुंदर प्रकार. त्या तरुणाने ‘चिवडा’ दडवायला तीन महिने घातले. ‘वडा’ने सुरू होणारे शब्द वाटेल तितके: वडाखाली, वडाची, वडापाव. त्याच्या आधीचा शब्द ‘चि’ने संपायला हवा. पण आपल्या शुद्धलेखनात शब्दाच्या शेवटची इ दीर्घ! ‘आणि’सारखे काही अपवाद सोडले तर मराठी शब्द ह्रस्व इकारावर थांबतच नाही. म्हणजे चिवडा तिथे फुटूच शकत नाही. “ज्ञानेश्वरांच्या काळात दडला असता,” शिक्षिका बाई म्हणाल्या, “त्यांच्याकडे ‘चि’ मुबलक.”

त्याच तरुणाचा क्लू मला त्या दिवशीचा सगळ्यांत आवडला. ‘“भरपूर अभ्यास कर की,” असं कोल्हापुरात म्हणतील तिथे पुस्तकं (५)’. कोल्हापुरात भरपूर म्हणजे लय. वाच ना लय! वाचनालय. मिसळीच्या टेबलावर टाळ्या पडल्या आणि शेजारच्यांनी वळून बघितलं. इंग्रजी कोड्यात असे प्रांताप्रांतांतले शब्द सर्रास येतात. आपण छापील मराठीत ते आणायला कचरतो आणि मग भाषा आखडली म्हणतो.

व्यासांनी घातलेली गाठ

शिक्षिका बाईंचं मत असं, की हा खेळ इंग्रजांचा म्हणणं अर्धं खरं. चौकट त्यांची, चकवा आपलाही. महाभारत सांगताना व्यासांनी अधूनमधून कूटश्लोक घातले, म्हणजे गणपतीला अर्थ लावायला थांबावं लागे आणि तेवढ्यात पुढचे श्लोक रचून होत, ही गोष्ट घरोघरी ठाऊक आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत ती मूळ संहितेत नाही, नंतरची भर आहे. माझ्या दृष्टीने त्यामुळे ती आणखी मोलाची होते: नंतरच्या कुणातरी रसिकाला वाटलं, की ग्रंथ एवढा अवघड आहे त्याअर्थी लेखकाने मुद्दाम गंमत केली असणार.

दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकांचे सोळा प्रकार दिले आणि त्यांचे उपयोगही सांगितले: मैफलीत करमणूक, गर्दीत गुप्त बोलणं, आणि दुसऱ्याला गोंधळात पाडणं. तिसरा उपयोग इतक्या निर्मळ मनाने नोंदवणारा शास्त्रकार मला प्रिय आहे. संस्कृतात अंतर्लापिका नावाचा प्रकार आहे, त्यात प्रश्नातच उत्तर दडलेलं असतं. कृष्णाने ‘कं’, म्हणजे कुणाला, मारलं असा प्रश्न. आणि तो ‘कं’ पुढच्या शब्दाच्या पहिल्या ‘सं’ला चिकटवला की कंस हे उत्तर तयार. ही तर आमच्या तरुणाची सांधा-युक्ती. मोरोपंतांनी ओठांना ओठ न लावता म्हणता येईल असं ‘निरोष्ठ रामायण’ रचलं. प-फ-ब-भ-म वर्ज्य, म्हणजे रामायण सांगायचं आणि ‘राम’ म्हणायचं नाही!

फरक आहे तो हिशेबाचा. जुन्या कूटाला उत्तर असतं, पण ते तुम्ही स्वतःहून काढावं अशी कवीची अट नसे. टीकाकार सांगेल, गुरू सांगेल. क्रिप्टिक क्लू गुरूविना सुटला पाहिजे. सगळा ऐवज त्या आठ-दहा शब्दांतच असतो.

खुलाशाची वही

परत येताना लोकलमध्ये काकांनी पिशवीतून वही काढली. लांबट, बँकेच्या लेजरसारखी. डाव्या पानावर क्लू, उजव्या पानावर उत्तर आणि खाली बारीक अक्षरात खुलासा: अर्थ कुठला, कृती कुठली, इशारा कुठला. उत्तर आलं पण खुलासा आला नाही, तर त्यापुढे लाल फुली. अशा चौदा फुल्या होत्या. “उत्तर बरोबरच असतं गं बहुतेक वेळा,” ते म्हणाले. “आडव्या-उभ्यावरून कळतं. पण का बरोबर, ते कळेपर्यंत झोप येत नाही.” त्यांच्या चौकडीत सुटलेला क्लू मोजला जात नाही, खुलासा केलेला मोजतात. लोकलमधला एक भिडू आता मुलीकडे पुण्याला असतो. त्याला एखादा खुलासा मध्यरात्री सुचला तर तो फोनच करतो, दोन्ही घरच्या बायका वैतागतात.

मी त्यांना अरॉकेरियाबद्दल विचारलं. इंग्लंडच्या ‘गार्डियन’मधला हा लाडका कोडेकार खरा रेव्हरंड जॉन ग्रॅहम, चर्चमधला पाद्री. घटस्फोटानंतर धर्मोपदेशकाची जागा गेली तेव्हा याच कोड्यांवर त्याचं घर चाललं. जानेवारी २०१३मध्ये त्याने एक कोडं दिलं, वर छोटी सूचना: अरॉकेरियाला अमुक उभा, तमुक आडवा झालाय. लोकांनी नेहमीसारखं पेन घेऊन सोडवायला सुरुवात केली, आणि घरं भरत गेली तसा त्यांच्याच हातून शब्द उमटत गेला, कर्करोग. पुढे अन्ननलिका. तो तेव्हा एक्क्याण्णव वर्षांचा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात गेला.

“ते कोडं मी सोडवलं होतं,” काका म्हणाले. त्यांनी वही चाळून ते पान काढलं. खुलासे सगळे पूर्ण होते, एकही लाल फुली नव्हती. मुंब्र्याच्या बोगद्यात गाडी शिरली आणि दिवे दोनदा मिचमिचले. मग ते पान मिटून म्हणाले, “आता तुझं दुसरं काढ.”

माझ्या पर्समध्ये दुसरा क्लू होता, दादरला काढायचा धीर झाला नव्हता. ‘कोकरं जीव लावतात, पोटात फराळाचं (३)’. ‘कोकरं जीव’ या दोन शब्दांच्या पोटात बघा: को-क-रं-जी-व. करंजी.

काका बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. “पोटात करंजी, छान आहे,” ते म्हणाले. “पण ‘लावतात’ काय करतंय?”

“वाक्य पुरं करतंय.”

“म्हणजे फुकट बसलंय.” त्यांनी ‘लावतात’खाली रेघ मारली, खिशातून लाल पेन काढलं आणि शेजारी फुली केली. डोंबिवली येईपर्यंत आम्ही दोघांनी सात प्रयत्न केले. कोकरं मेली, कोकरं विकली, एकदा तर जीवच गाळला; पण जमलं नाही.

क्लू अजून तसाच आहे. ‘कोकरं जीव’ तसंच ठेवून, एकही शब्द फुकट न बसवता, कुणाला वाक्य जमलं तर अंकाच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाका. खुलासा खाली लिहायला विसरू नका, नाहीतर काका फुली मारतील.